गाडी ज्याच्याकडे, त्यानं विचारायचं

शिरूरच्या चर्चची घंटा आठ वर्षं माझे मामा वाजवत होते. मी चर्च म्हणते, मामा देऊळ म्हणतात. मिशनच्या आवारातल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून देऊळच आहे. रविवारी सकाळी साडेआठला पहिली घंटा, बारा टोल. उपासनेला पाच मिनिटं उरली की दुसरी, सहा टोल. मंडळीतलं कुणी वारलं तर जितकं वय तितके टोल, एकेक सावकाश, आणि तेव्हा रस्त्यापलीकडचा सायकलवालासुद्धा हातातला पाना थांबवून मोजत बसतो.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता मामांना झटका आला. बोलणं महिन्याभरात बरंचसं परत आलं. काठी धरून चालायला लागले. उजवा हात मात्र आला नाही. तो मांडीवर ठेवला की तिथंच राहतो, कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा. डाव्या हाताची बोटं चालतात, पण घंटेची दोरी दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून ओढावी लागते. तेवढं आता मामांना जमणार नव्हतं.

मग कधी हा, कधी तो दोरी ओढू लागला. एका रविवारी नऊ टोल, दुसऱ्या रविवारी पंधरा. मामी मला फोनवर म्हणाली, "तुझा मामा घंटेच्या टायमाला कानावर उशी दाबून धरतो."

शेवटी पंचकमिटीचे सेक्रेटरी घरी आले. पंचकमिटी म्हणजे चर्चचा कारभार बघणारी मंडळी, आणि हे सेक्रेटरी भला माणूस. झटका आला त्या दिवशी स्वतःच्या गाडीतून यांनीच मामांना दवाखान्यात नेलं होतं. मी त्या शनिवारी शिरूरला आले होते. ट्रेमध्ये चहाचे कप घेऊन दारात उभी होते.

"मामा, राग मानू नका," सेक्रेटरी म्हणाले. "स्पीकर बसवायचा विचार चाललाय. मोबाईलवर घंटेचं रेकॉर्डिंग आहे. वेळ लावून ठेवली की आपोआप वाजेल. कुणाला त्रास नको."

"कुठल्या घंटेचं रेकॉर्डिंग?"

"इंटरनेटवर मिळालं. फार मंजुळ आहे."

"आपली कुठं मंजुळ हाय," मामा म्हणाले. "आपली पातेलं पडल्यावानी वाजती."

सगळे हसले. मामाही हसले, अर्ध्या तोंडाने, कारण दुसरं अर्धं अजून नीट हलत नव्हतं. मग "बरं हाय" एवढंच म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. सेक्रेटरी गेल्यावर मामी म्हणाली, "झटका आला तवाबी इतका गप न्हवता हा माणूस."

मला तेव्हा खूप बोलायचं होतं. पण मी तशी कुठेच पटकन बोलत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, घर दौंडच्या रेल्वे कॉलनीत. शाळेत माझं मराठी जास्त आणि कॉलनीत माझं इंग्रजी जास्त व्हायचं, म्हणून दोन्हीकडे गप्प बसून बघत राहायची सवय लागली. आता दौंडहून डेमू गाडीने रोज पुण्याला जाते, एका कंपनीत सर्किट बोर्ड तपासायचं काम करते. त्यात माणसांशी फार बोलावं लागत नाही. बोर्ड बोलतात, पण विचारल्याशिवाय नाही. मला ते बरं वाटतं.

पुढच्या शनिवारी येताना मी काही न सांगता एक साधं बटण आणलं, दाराच्या बेलचं असतं तसं. माझा बेत सोपा होता. घंटेच्या लोलकाला मोटर जोडायची आणि मोटर या बटणाला. मामांनी डाव्या अंगठ्याने ते दोनदा दाबलं आणि माझ्या हातात परत दिलं.

"ही काय दाराची बेल हाय व्हय? कुरिअरवाला आलाय?"

"पण मामा, दाबलं की घंटाच वाजेल. खरी."

"वाजंल. पण पोरी, दोरी वडली की दोरी उलटी वडती. हाताला कळतं, तिकडं कायतरी झालं. हे बटण मेलेलं हाय."

मी दौंडला परत जाताना चौफुल्याला गाडी बदलेपर्यंत त्याचाच विचार करत होते. हाताला उलटं उत्तर देणारं बटण कुठं असतं? वरवंड गेल्यावर मला आठवलं. कॉलेजमध्ये एका मैत्रिणीच्या भावाने माझ्या हातात गेमचा कंट्रोलर दिला होता. टीव्हीवरची माझी गाडी भिंतीवर आदळली आणि तो हातातच थरथरला. मी दचकून तो हातातून टाकला होता, आणि सगळे हसले होते.

मोटर मला भंगारातून मिळाली, कुठल्याशा जुन्या गाडीच्या वायपरची. वायपरची मोटर फार शहाणी असते. एक फेरी पूर्ण झाली की ती आपल्या जागी येऊन थांबते आणि एका तारेतून तशी खूण देते. घंटेच्या मनोऱ्यात ती पट्टीवर बसवून घेतली, तिच्या दांडीला लोलकाची तार बांधली. एक फेरी, एक टोल. या सगळ्याला हुकूम देणारा कॉम्प्युटर म्हणजे पत्त्यांच्या जोडाएवढा एक बोर्ड, हौशी लोक घरी खेळायला घेतात तसला. त्याला पेटी नाही, पडदा नाही; माझ्या लॅपटॉपवरून त्याच्याशी बोलायचं. लॅपटॉपवरची एक कळ दाबली आणि मनोऱ्यात पहिला टोल पडला, तेव्हा आवारातल्या चिंचेवरचे सगळे पोपट एकदम उडाले. मी स्वतःच दचकले. माझ्या एका बोटाने एवढा आवाज आयुष्यात कधी केला नव्हता.

सेक्रेटरी धावत आले. त्यांनी वर बघितलं, माझ्याकडे बघितलं. मामांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. मी नुसती मान हलवत होते.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी पहिली घंटा मामांनी स्वतःच्या हाताने वाजवून दाखवायची. कुणी मदत करायची नाही. जमलं तर स्पीकरचं नाव काढणार नाही. पण नाहीच जमलं, तर मामा, मग तुम्हीही हट्ट सोडायचा."

"सोडला," मामा म्हणाले. ते इतक्या सहज म्हणाले की मला घाम फुटला. कारण माझ्याकडे अजून कंट्रोलर नव्हता.

तो मी पुढच्या शनिवारी सकाळी शिरूरच्या बाजारातल्या मोबाईलच्या दुकानातून घेतला. नावाजलेल्या कंपनीच्या कंट्रोलरसारखाच हुबेहूब, तोच आकार, त्याच जागी तीच बटणं; पण डब्यावर कुठलंच नाव नाही. दुकानदार म्हणाला, "ओरिजिनलची कॉपी हाय ताई, पण चालतो ओरिजिनलपरीस भारी." मी डबा उलटसुलट करून बघितला. बनवणाऱ्याचा पत्तासुद्धा नव्हता.

मामांच्या ओसरीवर टेबल मांडलं, बोर्ड मनोऱ्यातून तेवढ्यापुरता खाली आणला. मामा आरामखुर्चीत, मामी लसूण सोलत पायरीवर. बिनतारी कंट्रोलरची आणि बोर्डची आधी ओळख करून द्यावी लागते, त्याला पेअरिंग म्हणतात. कंट्रोलरवरची दोन बटणं एकदम दाबून धरली की त्याचा दिवा भराभर लुकलुकतो, म्हणजे तो हवेत ओरडून सांगत असतो, मी इथं आहे. बोर्डला ऐकायला सांगितलं. लॅपटॉपवर आजूबाजूच्या वस्तूंची नावं येऊ लागली: कुणाचा तरी मोबाईल, कुणाचे तरी कानातले हेडफोन. एवढ्या शांत आवारात हवा इतकी भरलेली होती, हे बघून मी क्षणभर थांबलेच. आणि मग आमचा कंट्रोलर आला. त्याने नाव सांगितलं ते त्या नावाजलेल्या कंपनीचं.

"खोटं बोलतोय," मी म्हणाले.

"कोण?" मामीने सुरी थांबवली.

"हा. दुसऱ्याचं नाव सांगतोय."

"मग त्याला घरात कशाला घेतीस?"

मी ओळख करून दिली. पडद्यावर आलं, ओळख झाली. मग मी बोर्डकडून त्याला जोडून घ्यायचा हुकूम दिला. दिवा स्थिर झाला, मी श्वास सोडला, आणि दोन सेकंदांत दिवा विझला.

परत केलं. परत विझला. ओळख पुसून नव्याने केली. विझला. इंटरनेटवर याच दुखण्याने बेजार झालेल्या जगभरच्या लोकांची गाऱ्हाणी होती. मी ती वाचली, इंग्रजी सगळं कळत होतं आणि उपयोग काहीच होत नव्हता. एकाने लिहिलं होतं, बोर्ड बदला. दुसऱ्याने लिहिलं होतं, नकली घेतलाच कशाला. जेवणं झाली, भांडी झाली, ऊन ओसरीच्या दुसऱ्या खांबापर्यंत गेलं. मामा नुसते बघत होते, दिव्याकडे, मग माझ्या बोटांकडे, मग परत दिव्याकडे.

ते तसं बघतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. मामा रिटायर होईपर्यंत दौंडला केबिनमन होते. स्टेशनच्या टोकाला ती केबिन होती, वर चढायला लोखंडी जिना. आता ती नाही. आता सगळं एका खोलीतल्या पडद्यावर चालतं. मी सहा-सात वर्षांची असताना बाबा मला तिथे खालपर्यंत न्यायचे आणि मामा वरून हात द्यायचे. आत माझ्यापेक्षा उंच लोखंडी दांड्यांची रांग होती, लिव्हर. एकेक लिव्हर ओढली की दूर कुठेतरी सिग्नलचा हात हलायचा किंवा रूळ सरकायचा. मामा लिव्हरला कधी उघडा हात लावायचे नाहीत. खांद्यावर एक फडकं असायचं, त्याने धरायचे. हाताच्या घामाने लोखंड गंजतं, म्हणून. त्या लिव्हरी आरशासारख्या चमकायच्या.

पण मला लिव्हरींपेक्षा आवडायची ती तिथली छोटी घंटा. ती आपोआप वाजायची. टण. मामा लगेच तिच्या शेजारचं बटण दाबून एक टण परत पाठवायचे. मग तिकडून दोन, इकडून दोन. पलीकडच्या ठाण्यावरचा माणूस कोण हे मला कधी दिसलं नाही. तो मैलोगणती लांब होता आणि तरी इथल्या घंटेवर त्याचं बोट होतं. मला वाटायचं, मामांचा कुणीतरी फार जुना मित्र असणार, जो फक्त घंटेतून बोलतो.

ऊन तिसऱ्या खांबाला लागलं तेव्हा मामा म्हणाले, "कोण कुणाला विचारतंय?"

"म्हणजे?"

"तू आन् ते. आधी कोण विचारतंय?"

मी सांगितलं. मी बोर्डकडून हाक मारते, कंट्रोलर ओ देतो, मग जोडला जातो.

"आन् मधीच तू कायतरी टाईप करतीस ते काय?"

मला आधी कळलंच नाही ते कशाबद्दल बोलताहेत. मग कळलं. कंट्रोलरचं मधलं बटण दाबलं की दर वेळी पडद्यावर एक प्रश्न यायचा. एक लांबलचक नंबर आणि पुढे, याला येऊ द्यायचं का, हो की नाही. मी दर वेळी नाही लिहीत होते. इतकं न बघता, की मी ते करते आहे हे मला जाणवलंसुद्धा नव्हतं.

"तो कसला तरी अनोळखी नंबर होता मामा. मी नाही म्हटलं."

"दर टायमाला?"

"हो."

मामी हसायला लागली. "अगं, हिची आईबी अशीच. अनोळखी फोन आला की कट. मी नवीन नंबर घेतला तवा तीन आठवडे माझाबी कट करीत हुती!"

मामा हसले नाहीत. ते खुर्चीत थोडे पुढे सरकले, आणि मी त्यांना झटक्यानंतर पहिल्यांदा तसं बसलेलं बघितलं. पाठ सरळ, नजर टेबलावर, जणू टेबलाच्या पलीकडे रूळ आहेत.

"हे बघ. दौंडास्नं पुढच्या ठेसनाला गाडी सोडायची. तर विचारायचं कुणी? पुढच्यानं? न्हाई. गाडी ज्याच्याकडं हाय, त्यानं विचारायचं. लाईन क्लिअर हाय का? पुढचा बघतो, आपली लाईन मोकळी हाय का, मग व्हय म्हणतो. पुढच्यानं कवा म्हणायचं न्हाई, की दे बाबा गाडी, लवकर दे."

"पण इथे गाडी कोणाकडे आहे?"

"बटण कुणाच्या हातात हाय?"

मी कंट्रोलरकडे बघितलं.

"त्याच्याकडं गाडी हाय. त्यो बिचारा सकाळपासनं विचारतोय, लाईन क्लिअर हाय का. तू म्हणतीस, न्हाई. आन् लगीच तूच त्याला हाक मारतीस, ये म्हणून. त्यो येतो, आन् बघतो तर दार बंद. मग जातो."

आपण रोज ज्या कामाचा पगार घेतो ते काम आपल्याला ओसरीवर बसलेला केबिनमन समजावतो आहे, आणि ते बरोबर आहे, हे कळायला मला वेळ लागला. कंट्रोलर ही वस्तू झोपते आणि जागी होते. जागी झाली की तीच हाक मारते. बोर्डचं काम बोलावणं नाही. ऐकत राहणं आणि हो म्हणणं.

"पण तो नाव खोटं सांगतो," मी म्हणाले. आपण हट्टाने म्हणतो आहोत हे मला कळत होतं.

"नावाला काय करायचं? फोनवर कुणीबी सांगंल, मी पुढच्या ठेसनाचा मास्तर बोलतोय. आमच्याकडं प्रायव्हेट नंबर असायचा. कागदावर नुसते दोन-दोन आकडे छापलेले, कुणाला ठावं न्हाईत असले. मास्तर लोक फोनवर त्यो एकमेकाला द्यायचे. वहीत लिवायचा, कागदावर काट मारायची. नंबर बरोबर, मग गाडी सोडायची. आवाज कुणाचा, नाव काय, कोण बघतंय?"

मी त्यांना सांगितलं की पेअरिंगमध्येही तसंच असतं. दोघं मिळून एक गुप्त नंबर तयार करतात. तो नंबर हवेतून कधी बोलला जात नाही, तरी दोघांकडे एकच असतो. पुढच्या वेळी त्यावरून ओळखतात.

"बोलत न्हाईत तरी दोघांकडं एकच?"

"हो."

"ते कसं?"

ते गणित मी कॉलेजमध्ये शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. त्या ओसरीवर मला ते मराठीत सांगता येईना. पण पहिल्यांदाच मला ते चमत्कारासारखं वाटलं, आणि तसं ते कायमच होतं. मी म्हणाले, "मामा, मला पूर्ण सांगता नाही येणार." ते मान हलवत राहिले, माझ्यासाठी नाही, त्या नंबरासाठी.

मग मी सगळं पुसलं. नव्याने ओळख करून दिली. या वेळी त्याला हाक मारली नाही. बोर्डच्या यादीत त्याच्या नावापुढे एक ओळ असते, विश्वास: नाही. ती मी सकाळपासून दर वेळी वाचत होते. ती बदलून 'हो' केली, म्हणजे याने विचारलं की परत मला विचारायचं नाही, येऊ द्यायचं. कंट्रोलर बंद केला आणि मामांच्या मांडीवर ठेवला.

"फडकं दे," मामा म्हणाले.

"कशाला?"

"उघड्या हातानं धरत न्हाईत."

"अहो, प्लास्टिकला कसला गंज चढतोय!" मामी पायरीवरून ओरडली.

तरी तिनेच उठून स्वयंपाकघरातलं धुतलेलं फडकं आणून दिलं. मामांनी ते डाव्या हाताने कंट्रोलरखाली नीट पसरलं. मग मेलेला उजवा हात डाव्याने उचलून कंट्रोलरच्या उजव्या बाजूला ठेवला, आणि डावं बोट मधल्या बटणावर आणलं. दाबलं.

दिवा लुकलुकला. पडद्यावर कसलाही प्रश्न आला नाही. दिवा स्थिर झाला आणि स्थिरच राहिला. मी सेकंद मोजत होते. दोन, पाच, दहा. वीसपर्यंत मोजून थांबले. समोर नवीन काहीच दिसत नव्हतं. टेबल, ओसरी, लसणाच्या साली, आणि मधल्या रिकाम्या हवेत दोन वस्तूंनी एकमेकींचा पक्का धरलेला हात.

संध्याकाळी बोर्ड परत मनोऱ्यात बसवून मी उत्तराची सोय केली. घंटेवर लोलक पडून मोटर आपल्या जागी परत आली आणि तिने तशी खूण दिली, की मगच कंट्रोलर थरथरेल. बटण दाबल्याबरोबर नाही. टोल खरोखर पडल्यावर. दाबलं आणि काही अडकलं तर हात गप्पच राहील. हे मी मामांना सांगितलं नाही. सांगायला जमलं नसतं, आणि त्यांना ते हातानेच कळावं असं वाटत होतं. दुसऱ्या दिवसापर्यंत घंटा वाजवायची नाही असं ठरलं होतं, म्हणून थरथरणं मी लोलकाची तार सोडवून, नुसती मोटर फिरवून तपासलं आणि तार परत बांधली.

रविवारी सव्वाआठलाच सेक्रेटरी आले. हातात छोटा स्पीकर होता. लपवला नव्हता, दाखवतही नव्हते. मामांची खुर्ची चर्चच्या व्हरांड्यात ठेवली होती, मनोऱ्याच्या समोर. मामांनी पांढरा शर्ट घातला होता. मांडीवर फडकं, फडक्यावर कंट्रोलर. मी खिडकीत लॅपटॉप घेऊन बसले होते. फाटकातून लोक येत होते, सलाम म्हणत होते, आणि घंटा अजून झालेली नसल्यामुळे कुणी आत जात नव्हतं.

साडेआठला एक मिनिट असताना मी बघितलं, कंट्रोलरचा दिवा विझला होता.

बराच वेळ कुणी हात लावला नाही की तो झोपतो. मला हे माहीत होतं. तरी माझी बोटं आपोआप लॅपटॉपवर गेली. बोर्डकडून हाक मारायचा हुकूम अर्धा लिहूनही झाला.

"हात काढ," मामा म्हणाले. माझ्याकडे न बघता. "गाडी माझ्याकडं हाय."

सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलं. मी हात मांडीत घेतले.

मामांनी मधलं बटण दाबलं. दिवा लुकलुकला, थांबला, स्थिर झाला. मग त्यांचं डावं बोट कंट्रोलरच्या कडेच्या खटक्यावर गेलं. तो खटका स्प्रिंगचा आहे, हळूहळू दबतो, थोडा विरोध करत. त्यांनी तो दोरी ओढावी तसा ओढला, सावकाश, खांदासुद्धा थोडा खाली गेला.

क्षणभर काहीच झालं नाही. मनोऱ्यात मोटर गुरगुरली. आणि टोल पडला, आमचा, पातेलं पडल्यासारखा. पोपट उडाले.

मी घंटेकडे बघत नव्हते. मामांच्या हाताकडे बघत होते. टोल पडला, आणि मग, अर्ध्या श्वासाएवढ्या अंतराने, फडकं थरथरलं. मामांचा चेहरा मी कसा सांगू. ते दचकले नाहीत. वर बघून ऐकतो तसं त्यांनी डोकं थोडं तिरपं केलं. केबिनमध्ये तिकडून घंटा यायची तेव्हा ते नेमकं असंच करायचे. इतक्या वर्षांनी ती हालचाल बघताना मला एकदम लोखंडी जिन्याचा वास आला.

त्यांनी दुसरा टोल दिला. थांबले. फडकं थरथरलं. मग तिसरा. त्यांना घाई नव्हती. दर टोलानंतर ते उत्तर येईपर्यंत थांबत होते, आणि त्यामुळे घंटा नेहमीपेक्षा खूप संथ वाजत होती. फाटकाजवळची माणसं जागच्या जागी उभी होती. रस्त्यापलीकडचा सायकलवाला पाना घेऊन बाहेर आला. त्याला वाटलं असणार, कुणीतरी गेलं. बारावर घंटा थांबली तेव्हा तो आणखी थोडा वेळ थांबला, आणि मग हसून आत गेला.

"मामा," सेक्रेटरी जवळ येऊन म्हणाले, "जरा संथ झाली नाही का?"

"तिकडनं उत्तर येईस्तवर थांबावं लागतं."

"कुठून?"

मामांनी वर मनोऱ्याकडे हनुवटी केली. मग म्हणाले, "आठ वर्षं वाजिवली ही. दोरी हिसका द्यायची, पर त्यो दोरीचाच हिसका. घंटा काय बोलत न्हवती. आज बोलली." आणि जरा थांबून, "ह्यो हातबी ऐकत हुता," असं म्हणून त्यांनी फडक्यावरच्या उजव्या हाताकडे बघितलं. त्या हाताला खरंच काही कळलं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

सेक्रेटरींनी कंट्रोलर बघायला मागितला. मामांनी तो फडक्यासकट दिला. सेक्रेटरींनी तो दोन्ही हातांत धरून उलटा केला, परत सुलटा केला, कुठल्याच बटणाला बोट लागू न देता. तसाच परत मामांच्या मांडीवर ठेवला. स्पीकर त्यांनी व्हरांड्याच्या बाकाखाली सारला. घड्याळ बघितलं.

"दुसरी घंटा कितीला देताय?" त्यांनी मामांना विचारलं.

"नऊला पाच कमी," मामा म्हणाले. "आन् उपासना वेळेवर सुरू करा म्हणावं पाळकसाहेबांना."

मी लॅपटॉप मिटला. आता त्याची गरज नव्हती. मी आत जाऊन शेवटच्या बाकावर भिंतीकडेला बसले, नेहमी बसते तिथे, आणि गीतांचं पुस्तक उघडलं. मराठी अक्षरं मी अजून बोट फिरवून वाचते. बाहेर दुसरी घंटा सुरू झाली. इथून मामा दिसत नव्हते. एक टोल पडला, मग शांतता. दुसरा पडला, परत तेवढीच शांतता. शेजारच्या बाई कुजबुजल्या, "आज घंटेला काय झालंय गं, थांबून थांबून वाजतीय." मी मान हलवली. पुस्तकावरचं बोट न हलवता मी पुढच्या शांततेची वाट बघत राहिले, कारण त्या प्रत्येक शांततेत, भिंतीपलीकडे, कुणीतरी मामांना हो म्हणत होतं.